वय अठरावे

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी शिकवणीला गेली ती घरी परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकोल्याहून अमरावतीला पोचले, तेव्हा बहीण आणि तिचा नवरा पोलीस ठाण्याच्या बाकावर बसले होते. त्यांचा फुलांचा मळा आहे. त्याच्या सदऱ्याला अजून झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. हवालदाराने लेखी अर्ज मागितला होता.

"बाई, तूच लिवून दे," बहीण म्हणाली. मोठ्या बहिणीला आमच्यात बाईच म्हणतात. "तुहं लिवलेलं साऱ्याइले समजते."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. आमच्या घरातले बहुतेक अर्ज माझ्याच हातचे. मी बाकावर कागद ठेवला, नाव, पत्ता, अंगावरचे कपडे लिहिले, आणि विचारलं, "वय काय लिहू?"

"अठरावं लागलं ना तिले आता."

आमच्याकडे वय असंच सांगतात. पूर्ण झालेलं वर्ष कोणी सांगत नाही, लागलेलं सांगतात. मुलगी असली तर हमखास. मीही हात न थांबवता लिहिलं, 'वय अठरावे'. अठरा पूर्ण व्हायला पाच महिने होते, हे मला ठाऊक होतं. तिच्या बारशाला नाव मीच सुचवलं होतं.

हवालदाराने अर्ज वाचला. "मॅडम, लय झकास लिवला. पेपरात लिवता का तुमी?" मग त्याने समोरच्या नोंदवहीत अठरा हा आकडा टाकला. "अठरा म्हंजे सज्ञान झाली. गुन्हा नाई लागत हिच्यात. नुसती बेपत्ता नोंद घेतो. येईन दोन दिवसांत. गेली असन कोनासंगं."

तो आकडा पडताना मी पाहिला. 'साहेब, ती सतराचीच आहे', एवढंच म्हणायचं होतं. मी पेनाचं टोपण लावलं.

मूल हरवलं तर पळवून नेल्याचा गुन्हा नोंदवून लगेच शोध घ्यावा लागतो. मोठं माणूस गेलं तर वाट पाहतात. तिचा फोन पुढे दोन दिवस चालू होता, हे आम्हाला मागाहून कळलं. तो कुठून चालू आहे, हे त्या दोन दिवसांत कोणी पाहिलं नाही. नवव्या दिवशी ती बाळापूरच्या बाजूला नदीत सापडली. त्याबद्दल मला यापुढे लिहिता येत नाही.

वर्षभराने अमरावतीच्या एक वकीलबाई आमच्यासारख्या घरांची निवेदनं गोळा करू लागल्या. नियम बदलून घेण्यासाठी त्या ती सरकारकडे पाठवणार होत्या. आमचं निवेदन मी लिहिलं. चांगलं लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, 'पोलिसांनी वय चुकीचे नोंदवले.' खोटं नव्हतं ते.

वकीलबाईंनी मूळ अर्जाची प्रत मागवली होती. आम्ही दोघी बहिणी त्यांच्या टेबलासमोर बसलो होतो. "हे 'अठरावे' कोणी लिहिलं?"

"मीच सांगतलं तसं," बहीण घाईने म्हणाली. "बाईचा काय दोष त्याच्यात?"

"मग ते म्हणतील, घरच्यांनीच चुकीचं सांगितलं. त्यासाठी नियम कशाला बदलायचा?"

वर्षभर ती स्वतःला दोष देत होती आणि मी तिला देऊ देत होते, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. मी म्हणाले, "चुकीचा आकडा पडताना मी पाहिला होता. म्हणूनच बदलायला हवा. वय घरच्यांच्या सांगण्यावर सोडू नका. घरचे गप्प बसतात. अर्जात काहीही असो, ठाण्याने जन्मतारखेचा दाखला बघावा. आणि तो हाती येईपर्यंत लेकरूच समजून गुन्हा नोंदवावा."

बहीण माझ्याकडे वळली. "तुले दिसलं होतं?"

"हो."

"अन् बोलली काहून नाई?"

मी निवेदन पुढे ओढलं, पोलिसांचं वाक्य काढून तिथे लिहिलं, 'आकडा चुकतो आहे हे मला दिसले, पण भीतीने मी गप्प राहिले.' तिच्यापुढे ठेवलं. ती वाचायला वेळ घेते. त्या ओळीखाली तिचं बोट थांबलं.

"भीतीनं नाई, बाई. तो हवालदार तं हासून राहिला होता तुह्यासंगं, भेव कशाचं? त्या आइतवारी तुह्या पोरीले पाहाले लोक येनार होते. गुन्हा लागला असता तं पेपरात आलं असतं."

वकीलबाई उगाच कागद चाळू लागल्या. मी 'भीतीने' खोडलं आणि पेन तसंच धरून बसले.

"लिव," बहीण माझं वाक्य पुरं करत म्हणाली. "माह्या पोरीचं लगन अडू नये म्हनून."

मी तसंच लिहिलं, तिच्याच शब्दांत. तिने खाली सही केली, आणि माझ्या सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.