कायदा शेवटून वाचणारी कमळाक्का

कमळाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी औंढ्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. झेरॉक्स पुसट आली म्हणून तो ओरडत होता आणि मूळ कागदच पुसट आहे म्हणून मी. फोन सोनलचा होता, अक्काच्या नातीचा. "काका, याडी गेली... सकाळी उठलीच न्हाई." तांड्यावर आईला याडी म्हणतात आणि अक्काला तर अख्खा तांडाच याडी म्हणायचा. मी त्या माणसाला म्हणालो, बाबा, पैसे राहू दे, जा. शटर अर्धं ओढलं आणि आत बसून लहान पोरासारखा रडलो. सांगायला लाज कसली? वीस वर्षं ती बाई माझ्या दुकानासमोरच्या लिंबाखाली बसत होती आणि त्यातली निम्मी वर्षं आम्ही भांडण्यात घालवली होती.

अक्का अर्जनवीस होती. तहसीलच्या दारात बसून दुसऱ्यांचे अर्ज लिहून द्यायचे, हा तिचा धंदा. मूळ काम नवऱ्याचं. तो गेल्यावर त्याचं टेबल मोडीत जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं, मलासुद्धा. पण सातवी पास झालेली ही तांड्यावरची बाई महिन्याभरात त्याच्या जागी येऊन बसली. नागनाथाच्या दर्शनाला आलेले लोक तिला रस्ता विचारायचे, तर ती लिहिता लिहिता म्हणायची, "देव तिकडं हाय. इथं फक्त साहेब." अक्षर ठसठशीत आणि जीभ त्याहून. अर्जात एक शब्द जास्त झाला तर खोडायची. मी म्हणायचो, अक्का, गिऱ्हाइकाला लांबलचक अर्ज आवडतो. ती म्हणायची, "साहेबाला आवडत न्हाई. अन् वाचणार कोण हाय, गिऱ्हाईक का साहेब?"

आमची खरी दोस्ती झाली ती सोनलमुळे. मुलींसाठी केंद्राची एक निवासी शाळा आहे, सहावीपासून प्रवेश. आईबाप ऊसतोडीला गेले की सोनल आजीपाशी राहायची, पोरगी हुशार, त्या शाळेत जायचं म्हणून तिसरीपासून तयारी करत होती. ती चौथीत असताना ही शाळा चालवणाऱ्या दिल्लीच्या खात्यानं नवा नियम काढला. अर्जासोबत, दोन पिढ्या एकाच गावात राहिल्याचा दाखला हवा. आता सांगा, तांड्यानं तो आणायचा कुठून? अक्काचा सासरा बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरलेला माणूस. त्याची एका गावात नोंद असेलच कशी? तलाठ्यानं हात वर केले, तहसीलनं हिंगोलीला पाठवलं, हिंगोलीनं परत औंढ्याला. अक्कानं या सगळ्यांना आयुष्यभर अर्ज लिहिले होते, म्हणून तिला बराबर कळलं की इथं कुणाच्याच हातात काही नाही. सहावीला दोनच वर्षं उरली होती.

एका दुपारी ती दुकानात आली आणि म्हणाली, "भाऊ, त्या शाळंचा कायदा काढून द्या. सगळा." मी चडफडत काढला. तिनं गठ्ठा उलटा धरला आणि शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं. ही तिची जुनी रीत. "पुढल्या पानावर समदं गोड असतंय. सरकारला कुणापुढं उभं राहायचंय ते शेवटी लिहितात," असं तिचं म्हणणं. तासाभरानं तिनं एका कलमावर बोट ठेवलं. या कायद्याखाली केलेला प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे एकूण तीस दिवस ठेवला पाहिजे, सभागृहांनी बदल केला तर नियम तसा बदलेल, नको म्हटलं तर तो राहणार नाही. अक्कानं ते कलम पुन्हा एकदा बोट फिरवत वाचलं. मग म्हणाली, "ह्यांच्यावर बी कुणीतरी हाय की."

मी म्हणालो, "अक्का, ते कागदावर हाय."

"मी जिंदगीभर कागदावरच पोट भरलं. कागदाचं मला काहून सांगता? हा नियम तिथं ठेवला का न्हाई, कुणी बघितलं?"

मग तिनं संसदेकडे याचिका करता येते हे शोधून काढलं. पहिल्या खेपेला मात्र फसली. तांड्याची रीत अशी की नायक बोलला म्हणजे तांडा बोलला. तिनं अर्ज लिहिला, नायकानं पागोटं सावरून अंगठा उठवला आणि सगळ्यांना वाटलं काम झालं. खासदारांच्या कचेरीतला माणूस म्हणाला, ही तर एका म्हाताऱ्याची तक्रार दिसते, तांडा कुठं आहे? नायक असा खवळला की विचारू नका. "मी म्हंजेच तांडा!" अक्कानं त्याला खाली बसवलं आणि समजावलं, "तुमी हायतच, नायक. पण दिल्लीला एकेक माणूस मोजायची सवय हाय." दुसऱ्या खेपेला अर्ज हिंदीत केला आणि सगळ्यांचे अंगठे घ्यायचं ठरलं. आता नियम असा की सह्यांच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर मागणी पुन्हा लिहायची. मी म्हणालो, एकदा लिहा की, मागं कोरी पानं लावू, कोण बघतंय? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट मशीन सुरू केली. मग दिवाळीआधी, लोक ऊसतोडीला निघायच्या आत, ती घरोघर फिरली. प्रत्येकाला मागणी वाचून दाखवली, समजली का विचारलं, मगच अंगठा घेतला. एका म्हातारीनं तीनदा वाचायला लावली. अक्कानं तीनदा वाचली.

खासदारांनी सही करून याचिका सभागृहात मांडली आणि ती समितीकडे गेली. पुढं वर्षभर काहीच नाही. सोनल पाचवी संपवत आली. मी आपला रोज टोमणे मारायचो, काय अक्का, दिल्ली काय म्हणते? आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते... आणि एके दिवशी पत्र आलं. समितीपुढे म्हणणं मांडायला बोलावलं होतं. सोबतीला मी गेलो. हिंगोलीहून निघाल्यापासून ती अर्ज पाठ करत होती आणि मी तिच्यापेक्षा जास्त घाबरलो होतो. तिथं मला बाहेर बसवलं. तासाभरानं ती आली, पदर नीट केला आणि म्हणाली, "चला."

"अहो, झालं काय?"

"अहवाल मांडस्तोवर आतलं बाहेर बोलायचं न्हाई. बजावलंय."

मी हात जोडले, रागावलो, चहा नाकारला. परतीच्या सगळ्या प्रवासात तिनं एक अक्षर सांगितलं नाही. चिवडा तेवढा खाऊ घातला.

अहवाल सभागृहात मांडला गेला आणि तिनं तोंड उघडलं. आत ती इतकंच म्हणाली होती, "आमची दोन पिढी बैलामागं चालली. फिरत्या लोकांच्या लेकी पयल्या घ्या, असं कायद्यात तुमीच लिहिलं. मंग फिरत्या माणसाला एका जागी राहिल्याचा दाखला काहून मागता?" अहवाल मी छापून काढला आणि लिंबाखाली मोठ्यानं वाचला. समितीनं खात्याच्या अधिकाऱ्यांना विचारलं होतं, ही अट घालायचा अधिकार कायद्याच्या कोणत्या कलमानं दिला? उत्तर होतं, तपासून कळवतो. नियम सभागृहांपुढे कधी ठेवला? तेही तपासून कळवतो. इथं अक्का जी हसायला लागली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "मला जिंदगीभर हेच सांगितलं, भाऊ. आज त्यांना बी कुणापुढं तरी हेच सांगावं लागलं."

नियम ठेवलाच नव्हता. दरम्यान किती अधिवेशनं झाली, कुणी विचारलं नव्हतं. अट कायद्याबाहेरची आहे, काढून टाकावी, अशी समितीनं शिफारस केली. मी पेढे आणायला उठलो तर अक्कानं हाताला धरून बसवलं. "थांबा. शिफारस म्हंजे हुकूम न्हाई. पण काय केलं ते खात्याला समितीला कळवावं लागतंय." सव्वीस दिवस ती रोज सकाळी दुकानात येऊन राजपत्र बघायला लावायची. सत्ताविसाव्या दिवशी ते पडद्यावर दिसलं. दुरुस्ती नियम. अर्जातली नऊ क्रमांकाची, दोन पिढ्यांच्या दाखल्याची अट वगळण्यात येत आहे. मी ते दोनदा वाचलं. अक्का म्हणाली, "आता आणा पेढे." त्या वर्षी शेवटच्या यादीत सोनलचं नाव लागलं आणि तांड्यावरच्या आणखी दोघींचं. संध्याकाळी नायकानं हलगी वाजवायला लावली आणि अक्का, गुडघे दुखत असूनही, बायकांच्या फेरात नाचली. असा आनंद मी माझ्या पोरांच्या लग्नातही पाहिला नाही.

आज सोनल अकरावीत आहे. अक्का गेल्याला पाच आठवडे झाले. लिंबाखाली दुसरा कुणीतरी बसतो, अर्ज लांबलचक लिहितो. मी त्याच्याशी भांडत नाही, मजाच येत नाही.

परवा प्रवेशाचे नवे अर्ज आले. शिरड शहापूरकडच्या तांड्यावरचा एक बाप पोरीला घेऊन आला, मी त्याला अर्ज छापून दिला. काउंटरवर वाकून तो एकेक रकाना भरत होता. मध्येच थांबला. आठच्या खाली नऊचा आकडा, त्यापुढे कंसात 'वगळले' आणि पुढे कोरी ओळ. त्यानं पेन उचलून माझ्याकडे पाहिलं. "दादा, इथं काय लिव्हायचं?"

"काही न्हाई," मी म्हणालो. "ती जागा आमच्या अक्कानं मोकळी केली हाय. पुढचं भरा."