लाडका ड्रेस

शिंपीणमावशी तोंडाची फटकळ. गिऱ्हाईक असो की उसवलेली शिवण, दोन्हींवर सारखीच खेकसायची. त्या दुपारी वरच्या मजल्यावरची पंधरा वर्षांची पोरगी आपला लाडका ड्रेस घेऊन आली.

“धाकटीच्या मापाचा करा. मला आता लागणार नाही.”

मावशीने कात्री उचलली आणि तिचा हात थबकला. सकाळीच पोरीची आई कौतुकाने सांगून गेली होती, “घड्याळ, रंगपेटी, सगळं मैत्रिणींना वाटून टाकलं. किती समजूतदार झालीय!”

मावशीने कात्री खाली ठेवली. “खरं सांग, जीव द्यायचा विचार येतो का गं मनात?”

पोरगी हुंदके देऊ लागली. “हो.”

एका हाताने तिला घट्ट धरून मावशीने तिच्या आईला फोन लावला.

“समजूतदार कसली, बाई! लेक निरोप घेतेय तुम्हा सगळ्यांचा. हातातलं टाक आणि आधी खाली ये.”