टेकाडावरचा स्पीकर

पोलादपूरकडच्या आमच्या वाडीत पूर्वी घरात मोबाईलला रेंज यायची नाही. मी पुण्याला नोकरीला. दर रविवारी संध्याकाळी आई शेजारणींबरोबर मागच्या टेकाडावर चढायची आणि मी फोन करायचो. तिथे फोन स्पीकरवरच टाकायचा, असा रिवाजच पडला होता. कुणाचाही मुलगा बोलला तरी ऐकायच्या सगळ्याजणी. "बारीक झालास काय रे?" कुणीतरी मधेच विचारायची आणि माझं डोकं फिरायचं. आईशी दोन शब्द धड बोलू द्यायच्या नाहीत!

मग वाडीजवळ टॉवर आला. जिचा तिचा फोन जिच्या तिच्या घरात गेला.

"जेवलास?"

"जेवलो."

एवढं बोलून फोन ठेवायचो.

गेल्या महिन्यात एका रविवारी न कळवता घरी गेलो. आई घरात नव्हती. फोन लावला, तर वारा ऐकू आला. बोलत बोलतच टेकाड चढलो. ती एकटीच बसली होती, स्पीकर चालू ठेवून.

"आये, घरात रेंज हाय ना गो?"

"घरात बोलून ऐकणार कोण?"

"मग इथं तरी कोण हाय?"

फोन बंद करायचा राहिला होता. माझाच प्रश्न तिच्या हातातून पुन्हा मोठ्याने ऐकू आला.