घण मारणाऱ्या मामी

मित्रांनो, विळे-खुरपी कशी बनतात त्याचे व्हिडिओ मी रोज जेवताना बघतो. लालबुंद लोखंड चपटं होताना बघितलं की डोकं शांत होतं.

आज टेंभुर्णीला गेल्तो. आमच्या लोहारमामांना आवडेल म्हणून तसाच एक व्हिडिओ दाखवला. मामी गेल्यापासून त्यांचा भाता बंदच आहे. मामा सांडशीत लोखंड धरून लहान हातोडीनं जागा दाखवायचे आणि मामी बरोबर तिथंच घण मारायच्या.

मोबाईलमध्ये मशीनचे ठोके पडायला लागले.

"ठोका बराबर पडून राह्यला. पन याला जागा कोन दाखवतं?" मामांनी विचारलं.

"कुणीच न्हाई, मामा."

प्रत्येक ठोक्याआधी मामांचं बोट बाजेवर हळूच वाजत होतं.

व्हिडिओ संपला, तरी बोट थांबेना.

सांगा, आता उद्या जेवताना मी काय बघू?