पत्रावरचा जुना जिल्हा

त्या हिवाळ्यात आमची कंपनी काश्मीरमधल्या एका बर्फाच्या पोस्टवर होती. मी लान्स नाईक, कंपनी रायटर. टाइपरायटर, हजेरी, रजेचे अर्ज आणि साहेबांची पत्रं हे माझं काम. शामुवेल रेडिओ ऑपरेटर. आम्ही दोघं रेणापूरकडच्या एकाच गावचे. माझे वडील पोलीस पाटील. त्याचं घर गावाच्या कडेला, पणजोबापासून ख्रिस्ती. गावात असताना त्याच्या घरचं पाणी मी कधी प्यालो नव्हतो. फौजेत एकाच मगातून चहा प्यायचो.

पाचला हत्यारं घेऊन मोर्च्यात स्टँड-टू, सातला रेडिओ चेक, नऊला बर्फ उपसणं. रेडिओ चेकच्या आधी शामुवेल डोळे मिटून दोन मिनिटं बसायचा. पोरं चिडवायची, "शाम्या, वर लाइन लागली का?"

"लागली. तुमचंबी सांगितलंय."

राग म्हणून यायचाच नाही गड्याला. मला लई लवकर येतो, अजूनही.

गावाकडं दुष्काळाचं ते दुसरं वर्ष. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. खेचरावरून डाक आली, तीत शामुवेलच्या आईचं, राहेलबाईंचं पत्र होतं. त्यानं ते मला वाचायला दिलं. गावात बैठक झाली होती. ह्या लोकांनी देव सोडला म्हणून पाऊस रुसला, असं ठरलं. देवीला नारळ फोडा, रविवारची प्रार्थना बंद करा, मगच विहिरीवर या. राहेलबाईंनी बैठकीत सांगितलं, तहान सोसू, पण प्रभूला न्हाई म्हणणार न्हाई. तेव्हापासून त्याची बायको मार्था दोन कोसांवरून पाणी आणत होती. तिला सातवा महिना लागला होता. पत्रात माझ्या वडिलांचं नाव नव्हतं. पण पोलीस पाटलाशिवाय आमच्या गावात बैठक बसत नसे.

फौजेत रीत आहे. जवानाच्या घरी अडचण असली की कंपनी कमांडर त्याच्या जिल्ह्याच्या कलेक्टरला पत्र लिहितो. मेजर साहेब म्हणाले, "टाइप करो. आज ही."

मजकूर मी चोख टाइप केला. पत्त्यावर लिहिलं, कलेक्टर, उस्मानाबाद.

ती चूक नव्हती. खोटं कशाला बोलू? जिल्हा बदलल्याचं वडिलांनीच मला कळवलं होतं. पत्र लातूरला गेलं की तहसीलदाराची जीप आमच्या दारात येणार, हे मला दिसत होतं. जुन्या जिल्ह्यात कागद फिरत राहील, तोवर पाऊस पडेल, असा विचार केला. युनिटच्या रेकॉर्डला उस्मानाबादच होतं, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला तोंड होतं.

अर्जदार म्हणून शामुवेलचीही सही लागायची. त्यानं कागद वाचला. बोट पत्त्यावर थांबलं.

"रेकॉर्डला तोच जिल्हा हाय," मी म्हणालो.

"हाव," तो म्हणाला आणि सही केली.

महिन्यानं पुन्हा डाक आली. काही फरक नव्हता. मार्था अजून दोन कोसच चालत होती. शामुवेलनं पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि ड्युटीवर गेला. सकाळी त्याला सगळं सांगायचं आणि दुसरं पत्र टाइप करायचं, असं मी ठरवलं.

सकाळी खालच्या पोस्टची टेलिफोन लाइन तुटल्याचं कळलं. साडेआठला चार जण दुरुस्तीला निघाले, त्यात शामुवेल. पोस्टच्या सेटवर मी बसलो.

"तार सापडली. वरचा बर्फ कच्चा वाटतोय. ओव्हर."

"साहेब म्हणतात, परत या. ओव्हर."

"रॉजर."

सेटवर खाजगी बोलायचं नाही, तो नियम मग मी मोडला. "शाम्या, आल्यावर एक सांगायचंय तुला. ओव्हर."

"आल्यावर सांग. आउट."

दहा चाळीसला उतारावरचा बर्फ सुटला. तिघं हातपाय मारून बाहेर आले. शामुवेल दुपारी दोन दहाला सापडला. सेट पाठीवरच होता. सुभेदार साहेबांनी खोक्याच्या फळ्यांचा क्रॉस केला आणि आम्ही त्याला बेस कॅम्पजवळ पुरलं.

त्याच दिवशी मी लातूरचं पत्र टाइप केलं. मेजर साहेबांनी विचारलं, "पहला कहाँ भेजा था?" मी खरं सांगितलं. दंडावरची फीत गेली. योग्यच झालं.

त्याची ट्रंक घेऊन मला गावी पाठवलं. तहसीलदार येऊन गेला होता, विहीर चार दिवसांपूर्वी खुली झाली होती. मार्था भिंतीला टेकून बसली होती. घरात बाळंतिणीची खाट नव्हती, पाळणा नव्हता. पोर पाण्याच्या वाटेवरच झालं आणि तिथंच गेलं, राहेलबाई म्हणाल्या. शामुवेलला कळवलेलं पत्र त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

"मावशी, ते पत्र मी..."

"ठाव हाय." त्यांनी ट्रंकेवर शामुवेलचं एक जुनं पत्र ठेवलं. मी वाचलं. रायटरनं जिल्हा जुना टाकलाय, चुकून न्हाई. पाटील त्याचा बाप हाय, त्याला जड गेलं आसंल. मी सही केली. आज ना उद्या तोच सांगंल, मी वाट बघतो. त्याच्यावर राग धरू नका. प्रार्थनेत त्याचं नाव घ्या.

"आमी घेतो रोज," राहेलबाई म्हणाल्या. "मार्थाचं पोर गेलं त्या दिशीबी घेतलं. लई जड गेलं, बाबा. तोंडातून निघंना."

मार्था उठली, तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढं ठेवला. त्या घरचं पाणी मी पहिल्यांदा प्यालो. मला माफी मागता आली नाही.

आता राहेलबाई नाहीत, माझे वडीलही नाहीत. त्या तारखेची दहा चाळीसची वेळ दरवर्षी येते. मला त्या घरची प्रार्थना येत नाही. दोन मिनिटं डोळे मिटून बसतो आणि शामुवेलचं नाव घेतो. मग त्या पोराचं घ्यायला जातो, आणि तिथं अडतो. त्याचं नाव ठेवायचंच राहून गेलं होतं.