मिलिंदच्या हातचा बॅनर

उत्तरेच्या सीमेवर आमची पोस्ट होती. रोज पेट्रोलिंग. समोरून शेजारी देशाची तुकडी आली की करारानुसार गोळी नाही, शिवी नाही. दोन जवानांनी बॅनर उलगडायचा. त्यावर त्यांच्या भाषेत लिहिलेलं असे: हा आमचा भाग आहे, मागे फिरा. तेही त्यांचा बॅनर दाखवायचे आणि दोघं आपापल्या वाटेनं जायचे. याला बॅनर ड्रिल म्हणतात. बॅनर जमिनीला टेकवायचा नाही, हा आमच्या तुकडीचा स्वतःचा नियम.

त्या सकाळी ते मागे फिरले नाहीत. धक्काबुक्की सुरू झाली. मी रेडिओ उचलला.

"फायरची परवानगी? ओव्हर."

"निगेटिव्ह. जागा सोडू नका. ओव्हर."

बॅनरचा कड्याच्या बाजूचा दांडा नाईक मिलिंदच्या हातात होता. त्याचा पाय घसरलेला दिसला तसा मी दोर फेकला. "बॅनर सोड! दोर धर!"

"खाली टेकंल की, साहेब!"

दांडा त्यानं आधी शेजारच्या जवानाच्या हातात दिला. तोवर उशीर झाला होता; तो कड्यावरून खाली गेला.

गेल्या रविवारी इकडे शहरात, बरकतपुऱ्यात, आमच्या मराठी मंडळानं परराष्ट्र धोरणावर परिसंवाद ठेवला. एक प्राध्यापक वास्तववादी. ते म्हणाले, शेजाऱ्याला ताकदच कळते. मिलिंद गेला तो तुमच्या करारांपायी. दुसरे उदारमतवादी. ते म्हणाले, छे, त्याच्या बलिदानानंच करार टिकला. माझं डोकंच सणकलं. मीही स्टेजवर होतो आणि समोर प्रेक्षकांत मिलिंदची बायको सविता बसली होती. मलकपेठेहून माझ्याबरोबर येताना ऑटोत ती एवढंच म्हणाली होती, "भाऊ, कुणाला ह्यांचा मुद्दा करू देऊ नका. नक्को म्हणजे नक्को."

अध्यक्षांनी विचारलं, "सुभेदारसाहेब, तुम्ही कोणत्या बाजूचे?"

"अहो, बाजू कसली विचारता? परवानगी मिळाली असती तर मी गोळी झाडली असती. आणि गोळी सुटली नाही म्हणून आम्ही बाकीचे घरी आलो. दोन्ही खरं आहे. तुम्ही खुशाल भांडा. पण मिलिंद तुमच्यापैकी कुणाचाही पुरावा नाही. त्याचं नाव घ्यायचं तर उभं राहून घ्या."

"वेळ संपलीय," अध्यक्ष म्हणाले.

"संपू द्या की! मी बसणार नाही."

आधी सविता उभी राहिली. मग सगळा हॉल. शेवटी दोन्ही प्राध्यापकही उठले.

कार्यक्रम संपल्यावर कार्यकर्ते स्टेजवरचा बॅनर उतरवत होते. एक टोक निसटलं. सविता धावली.

"टेकवू नका खाली!"

तिनं ते टोक वरच्यावर झेललं. दुसरं मी धरलं. बॅनरची नीट घडी होईपर्यंत तिनं ते सोडलं नाही.