बरणीतला समुद्र

समुद्रासाठी एवढा झुरणारा माणूस गोव्याच्या किनाऱ्यावरही नसेल. तो नेमका वडगावात, मागांच्या खडखडाटात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. हे सर कॉलेजात शिकवतात, तेही टेंपररी. टेंपररी राहण्यात एवढे पर्मनंट झालेत की कितीतरी प्रिन्सिपॉल आले नि गेले, सर आहेत तिथंच आहेत.

भर समुद्रात, जिथं पाण्यात खायला जवळजवळ काहीच नसतं, तिथले जंतू हे सरांचे आदर्श. “नको ते सगळं अंगातनं टाकून दिलंय त्यांनी. देह एवढासा, भूक एवढीशी,” असं म्हणत सरांनी आधी टीव्ही काढला, मग पंखा, मग खुर्च्या, लग्नाचा विचार तर त्याआधीच. जेवण अर्धी भाकरी, कालवण आमच्या फोडणीच्या वासाचं. मी हरकत घेतली तर म्हणायचे, “शेजाऱ्याचं सांडलेलं टिपून जगतात रं ते. चोरी न्हाय, शास्त्र हाय!”

त्यांच्या फळीवर एक बरणी होती. जहाजावर नोकरीला असलेल्या जुन्या विद्यार्थ्यानं आणलेलं खोल समुद्राचं पाणी, त्यात ते जंतू. त्या पाण्यात त्यांचा खाऊ इतका विरळ, की गावच्या तळ्यात साखरेचा एक कण पडावा. पाणी काचेसारखं, आम्हाला बरणी रिकामीच वाटायची. पण त्यातले जंतू जगले तर गोव्याच्या प्रयोगशाळेतले लोक सरांना तिकडं घेणार होते, कायमचे.

ते लोक यायच्या तोंडावर सरांना निपाणीला मयताला जावं लागलं. बरणी माझ्या आक्काकडं आली. “काय बी घालू नका हं,” सरांनी बजावलं. आक्का बरणीकडं बघत बसली. आमच्याकडं दारात आलेल्याला चहाशिवाय सोडत नाहीत, आणि हे तर समुद्रावरनं आलेले! तिनं वाटीभर गूळपाणी ओतलं.

सर परतले तेव्हा पाणी ताकासारखं झालं होतं. गुळावर भलतेच खादाड जंतू माजले होते. उपास सोसणारे त्या मेजवानीत संपले होते.

“पावण्यास्नी उपाशी कसं ठिवायचं हो सर?” आक्का रडकुंडीला आली.

सरांनी बरणी मोरीत ओतली, हात धुतले आणि पाटावर बसले. “वाढा आक्का. आज पोटभर वाढा.”

गोव्याचे लोक आले, चहा पिऊन गेले.

आता सर रोज आमच्याकडंच जेवतात. अंगानं भरलेत, आक्का खूष आहे. मी मुद्दाम जंतूंचा विषय काढतो, तर ताट पुढं करतात, “आमटी वाढ रं जरा.” मी वाढतो. पण मनातून वाटतं, एकदा तरी ह्या माणसानं भिंतीपलीकडं अर्धी भाकरी घेऊन बसावं आणि आमच्या फोडणीचा वास चोरावा.